काउंटरवरचा शांतपणा कुठून आणायचा?

कृष्णाकाठ (धागालेखक)

बँक, दवाखाना, तहसील कचेरी, एसटीची चौकशी खिडकी. दिवसभर माणसांशी बोलणं हेच जिथे काम आहे, तिथल्या लोकांशी बोलायला हा धागा काढतोय. मी सरकारी बँकेत शाखाधिकारी आहे. नोकरीचा बहुतेक काळ सांगली-कोल्हापूरकडच्या ग्रामीण आणि निमशहरी शाखांत गेला.

अलीकडे आमच्याकडे भावनिक बुद्धिमत्तेवर बरीच प्रशिक्षणं होतात. समोरचा चिडला तर आधी ऐकून घ्या, त्याचा राग तुमच्यावर नसतो, परिस्थितीवर असतो, आवाज चढू देऊ नका. यातलं काहीच चुकीचं नाही. ज्यांना हे जमतं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हा शांतपणा म्हणजे काम आहे, आणि त्याला काम म्हणून कुणी धरत नाही. नोटा मोजायला वेळ लागतो, माणूस लागतो, हे बँकेला मान्य आहे. दिवसभर लोकांचा संताप झेलायलाही माणूस लागतो, हे मात्र कुठल्याच तक्त्यात येत नाही.

२०२४ चे जुलै-ऑगस्ट आठवा. लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये आधार जोडलेल्या खात्यात येणार होते. शाखा उघडायच्या कितीतरी आधीपासून बायका रांगेत. एखादीचं आमच्याकडे चालू खातं असायचं, पण आधार जोडलेलं दुसऱ्याच बँकेतल्या जुन्या जनधन खात्याला. ते खातं कधीतरी कॅम्पमध्ये काढलेलं, पासबुक हरवलेलं, आणि पैसे नेमके तिथे गेलेले. हे तिला नीट समजावून सांगायला पाच मिनिटं तरी लागतात. मागे शंभरेक जणी उभ्या. तिची मजुरी बुडालेली. ती चिडली तर तिचं काय चुकलं? आणि सातव्यांदा तेच सांगताना आमच्या क्लार्कचा आवाज कोरडा झाला, तर तिचंही काय चुकलं?

याच क्लार्कला तेव्हा दुपारी तीननंतर थकीत कर्जदारांना फोन लावायचे असायचे. सकाळी गोड बोलायचं, दुपारी दरडावायचं. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये अशा कामाचा मोठा अभ्यास मांडला. त्यांनी विमानातल्या हवाई सेविका घेतल्या, ज्यांना पगार हसण्याचा मिळतो, आणि वसुली करणारे घेतले, ज्यांना पगार कठोर होण्याचा मिळतो. वरवर चेहरा नीट ठेवणं वेगळं आणि आतून तशी भावना आणून बोलणं वेगळं, असा फरक त्यांनी केला. नंतरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे की नुसता वरवरचा चेहरा ठेवणारे लोक जास्त थकतात. आमच्याकडे ही दोन्ही टोकं एकाच खुर्चीवर, एकाच दिवशी होती.

नोटाबंदीचं एक उदाहरण सांगतो. ८ नोव्हेंबर २०१६ ला घोषणा झाली, १० तारखेला शाखा उघडल्या, त्या आठवड्यात शनिवार-रविवारीही काम केलं. नोटा बदलून देण्याची मर्यादा आधी ४००० रुपये, मग ४५००, मग २०००. नियम दिल्ली-मुंबईत बदलायचे आणि ते लोकांच्या तोंडावर सांगायचे आमच्या कॅशियरने. आमच्या हेड कॅशियर साहेबांनी त्या काळात एकदाही आवाज चढवला नाही. म्हातारी माणसं रांगेत असली की त्यांना आत बोलावून खुर्ची द्यायचे. गर्दी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या सुमारास, त्यांच्या कॅशमध्ये फरक पडू लागला. कॅश कमी भरली की ती कॅशियरने खिशातून भरायची असते. ते मुकाट्याने भरत राहिले. रात्र रात्र झोप नाही, हे त्यांच्या मुलाने शाखेत येऊन सांगितलं तेव्हा समजलं. कुठल्याही प्रशिक्षणात हा माणूस भावनिक बुद्धिमत्तेचा आदर्श ठरला असता.

मन दमलं की ते आधी कामात दिसतं. रक्कम भलत्याच खात्यात जमा होते, सही पडताळायची राहते, कर्जप्रकरणाचं एकच पान तीनदा वाचलं जातं. मग वरून विचारणा होते, आणि उपाय म्हणून आणखी एक प्रशिक्षण येतं.

तुमच्याकडे काय चित्र आहे? खरोखर उपयोगी पडलेलं काही असेल तर नक्की लिहा.

नीरक्षीर

चांगला धागा. मी स्वतः प्रशिक्षण घेतो, त्यामुळे थोडा विरोधी सूर लावतो.

पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची संकल्पना मांडली ती क्षमता म्हणून. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखता येणं, त्यांतला फरक कळणं, आणि ती माहिती विचार करायला व वागायला वापरता येणं. यात 'गिळून टाका आणि हसत राहा' कुठेच नाही. तुमचे कॅशियर साहेब दुसऱ्यांच्या भावना उत्तम ओळखत होते. स्वतःची झोप उडाली आहे, ही देखील एक माहिती आहे आणि ती कुणाला तरी सांगायची असते, ही बाजू त्यांना कुणी शिकवली नव्हती. म्हणजे त्यांना प्रशिक्षण जास्त झालं नव्हतं, अर्धवट झालं होतं.

एकाच शाखेत, एकाच गर्दीत, एक जण संध्याकाळी कोसळतो आणि दुसरा घरी जाऊन मुलांचा अभ्यास घेतो. हा फरक काही अंशी शिकता येतो. सगळं माणूसबळावर ढकललं तर आज जो काउंटरवर बसला आहे त्याच्या हातात काहीच उरत नाही.

धानोरकर_पोरगी

नीरक्षीर सर, तुमचं म्हणणं पटतंय, पण काउंटरवर ते कसं घडतं ते सांगते. मी विदर्भातली, सरकारी बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर. पहिलं पोस्टिंग ओडिशातल्या एका लहान गावी. ओडिया येत नव्हतं. समोरची आजी काहीतरी कळवळून सांगतेय, मला शब्द कळत नाहीत, आणि मागचा माणूस हिंदीत म्हणतोय की मॅडम लवकर करा. समोरच्याचं ऐकून घ्या म्हणतात, ते कोणत्या भाषेत ऐकायचं? घरी आईशी जशी बोलते तसं मी त्या आजीशी बोलू शकले असते तर तिचा अर्धा राग तिथेच विरला असता. मला फक्त हसता येत होतं. धागालेखकांनी लिहिलेला तो वरवरचा चेहरा, तोच.

आता बदली होऊन महाराष्ट्रात आले आहे, तर माझ्या शेजारच्या टेबलवर बिहारचा मुलगा आहे आणि त्याचं इथे तेच होतंय. लोक त्याला उद्धट समजतात. तो उद्धट मुळीच नाही, मराठी वाक्य जुळवताना त्याचा चेहरा ताणला जातो इतकंच. मी त्याला रोजची लागणारी वाक्यं देवनागरीत लिहून दिली, 'बसा काका, बघतो' पासून सुरुवात करून. आता लोक त्याच्याशी बरेच सबुरीने वागतात.

आणि संध्याकाळची व्हीसी, म्हणजे वरिष्ठांची व्हिडिओवरची बैठक. विमा किती विकला, खाती किती उघडली, सगळ्या शाखांसमोर एकेकाला उभं करून विचारतात. तिथे ज्या भाषेत बोललं जातं ती आम्ही ग्राहकाशी वापरली तर दुसऱ्या दिवशी मेमो हातात पडेल. वरून खाली असं बोलायचं आणि खालच्याने पुढे गोड बोलायचं, हे किती दिवस चालणार?

सायली_वॉर्ड_सात

वाचतेय सगळं. मी जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर आहे.

आमच्याकडे राग आणि रडणं दोन्ही रोजचं. नातेवाईकाला डॉक्टर भेटत नाहीत, आम्ही भेटतो, म्हणून पहिला शब्द आम्हाला. मी मात्र शांतपणापेक्षा वेगळ्या गोष्टीवर लिहिणार आहे, ती म्हणजे चूक सांगता येण्याची मोकळीक. एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुका तपासल्या. अंदाज होता की चांगल्या गटांत चुका कमी असतील. आकडे आले उलटे, चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. कारण तिथल्या नर्सेस चूक झाली की सांगत होत्या. बाकीकडे भीतीने दडवत होत्या.

हे वाचलं तेव्हा मला माझा पहिला वॉर्ड आठवला. तिथल्या सिस्टरबाई इतक्या कडक की सलाईनचा वेग चुकला तर आम्ही आधी आजूबाजूला कुणी पाहिलं का ते बघायचो. आता माझ्या वॉर्डात शिफ्ट बदलताना ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवताना, शेवटी एक प्रश्न ठरलेला आहे, 'आज काय थोडक्यात वाचलं?' चूक होता होता राहिली असेल तर ती तिथे सांगायची, नाव कुठे लिहायचं नाही. सुरुवातीला कुणी बोलेना. मग सर्वांत सीनियर सिस्टर बोलल्या आणि हळूहळू इतरांची जीभ मोकळी झाली. आता नवीन मुली त्यातच 'काल रात्री मी बाथरूममध्ये जाऊन रडले' हेही सांगतात. त्या रात्रीनंतर तिला लगेच दुसरी नाईट लावायची नाही, एवढं माझ्या हातात असतं, आणि ते मी करते.

कृष्णाकाठजी, तुमचे कॅशियर पैसे भरत राहिले कारण कॅश कमी भरली हे सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करणं वाटत असणार. बाकी बुद्धिमत्ता कितीही असो, ही भीती असेल तर माणूस गप्पच बसतो.

राइनकाठ

सायली ताई, तुमचा प्रतिसाद जपून ठेवला आहे.

मी जर्मनीत आहे, एका कारखान्यात अभियंता. इथल्या कामगार सुरक्षा कायद्यात २०१३ पासून मानसिक ताणाचा शब्दशः उल्लेख आहे. मालकाने कामाच्या जागेच्या धोक्यांची तपासणी करून ती लिहून ठेवायची असते, आणि त्यात यंत्राचा आवाज, रसायनं यांच्यासोबत मानसिक भारही येतो. आमच्याकडे जी प्रश्नावली आली तिच्यात माझ्या स्वभावाबद्दल एकही प्रश्न नव्हता. कामात व्यत्यय किती येतात, एकमेकांना छेद देणाऱ्या सूचना मिळतात का, कामाचा क्रम स्वतः ठरवता येतो का, असे सगळे प्रश्न कामाबद्दलचे.

शेवटच्या प्रश्नामागे जुनं संशोधन आहे. रॉबर्ट कारासेक या संशोधकांनी १९७९ मध्ये मांडलं की नुसतं जास्त काम माणसाला तितकं मोडत नाही, जितकं जास्त काम आणि हातात कमी अधिकार हे जोडीने आले की मोडतं. बँकेचा काउंटर याचं अगदी नेमकं उदाहरण आहे. रांग तिथे बसणाऱ्याच्या हातात नाही, नियम नाही, सर्व्हर नाही, आणि उत्तर द्यायला तोच. नीरक्षीर म्हणतात तो एक कोसळतो आणि दुसरा नाही हा फरक मला मान्य आहे. पण दहापैकी सात जण कोसळायला लागले की स्वभाव तपासण्यात काय अर्थ आहे?

सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. फॉर्म भरून घेतात आणि पुढे काहीच होत नाही, अशाही कंपन्या इथे आहेत.

मोरपीस_७१

निवृत्त शिक्षक आहे. काउंटरच्या पलीकडून दोन शब्द.

दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातो. खडू धरून धरून म्हणा की वयामुळे म्हणा, माझा अंगठा त्या यंत्रावर उमटत नाही. एकदा बाईंनी 'होत नाही, नंतर या' एवढंच सांगितलं, अगदी नम्रपणे, आणि मी घरी जाईपर्यंत धुमसत होतो. पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला, 'सर, हे बघा, हा लाल शेरा येतोय, आपण दुसरं बोट लावू, नाहीतर चेहऱ्यावरून करता येतं' म्हणाला. बोलण्यात काही खास गोडवा नव्हता. पण मला समजलं की काय अडलं आहे. माणसाला अंधारात ठेवलं की तो चिडतो. कर्मचाऱ्यांना गोड बोलायला शिकवण्याआधी, ग्राहकाला काय सांगायचं त्याची पक्की माहिती त्यांच्याकडे वेळेवर पोचवा.

अंतरीचा_सूर

समुपदेशक म्हणून काम करते. धाग्यात दोन गोष्टी एकत्र होऊ लागल्या आहेत, त्या वेगळ्या करते, कारण पुढचा उपाय त्यावर ठरतो.

कामामुळे येणारी पूर्ण थकावट, जिला बर्नआउट म्हणतात, तिला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात जागा दिली ती आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित घटना म्हणून. तिची तीन अंगं सांगितली आहेत. शक्ती निथळून गेल्यासारखं वाटणं. कामापासून मन दुरावणं, लोकांबद्दल कडवटपणा येणं. आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. यातलं दुसरं सर्वांत उशिरा ओळखलं जातं. 'हे लोक असेच' असं रोज तोंडात येऊ लागलं की मी कान टवकारते. मूळचा प्रेमळ माणूस असं बोलत असेल तर अधिकच.

नैराश्य हा मात्र आजार आहे. सुट्टीत, घरी, आवडत्या माणसांतही मन लागत नाही, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, आणि हे दोन आठवडे किंवा जास्त चालू आहे, झोप-भूक बिघडली आहे, तर डॉक्टरांना दाखवायचंच. तिथे रजा पुरत नाही आणि प्रशिक्षण तर नाहीच. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर दोन आठवड्यांची वाट बघू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. सरकारची टेलीमानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. आपल्या शाखेत, वॉर्डात हा क्रमांक लावून ठेवा.

नीरक्षीर यांच्या मुद्द्यालाही माझा पाठिंबा आहे. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची विवेकनिष्ठ उपचारपद्धत महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली, ती मी रोज वापरते. 'ग्राहकाने माझ्याशी नीट वागलंच पाहिजे' हा आग्रह सोडून 'वागला तर बरं, नाही वागला तर मला वाईट वाटेल, पण मी मोडणार नाही' इथवर यायला सराव लागतो, आणि त्याने खरोखर हलकं वाटतं. फक्त एक पथ्य पाळते. अन्याय सहन करायला शिकवण्यासाठी ही पद्धत वापरायची नाही. एलिस स्वतः परिस्थिती बदलता येत असेल तर बदला, असंच सांगायचे.

उंबरठा

मी बँक अधिकाऱ्याची बायको. इथे लिहू की नको असं झालं होतं.

हे दिवसभर सगळ्यांशी इतकं चांगलं बोलतात की गावात लोक मला थांबवून सांगतात, 'वहिनी, साहेब देवमाणूस.' घरी आल्यावर एक शब्द निघत नाही. मुलगी काही दाखवायला गेली की 'नंतर'. पूर्वी मला राग यायचा. हा धागा वाचून वाटलं की दिवसाचं बोलणं दिवसातच संपून जातंय. मार्च एंडला तर रविवारीही फोन खाली ठेवत नाहीत. समुपदेशकाकडे जाऊ या म्हटलं तर 'मला काय वेड लागलंय?' म्हणतात. शिवाय बदली, बढतीवर परिणाम होईल ही भीती.

अंतरीचा_सूर, बँकेचा आरोग्य विमा यात चालतो का? घरातून कशी सुरुवात करावी?

कृष्णाकाठ

उंबरठा वहिनी, लिहिलंत हे फार बरं केलंत. सध्या त्यांना सल्ला देऊ नका, सोबत फिरायला न्या. आमच्यासारख्या माणसांना समोरासमोर बसवून विचारलं की आम्ही लगेच काउंटरवरचा चेहरा लावतो. चालताना सुचतं, बोललं जातं.

सर्वांचे प्रतिसाद वाचले. नीरक्षीर, अर्धवट प्रशिक्षण हा तुमचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. मोरपीस सरांचा मुद्दा आम्ही शाखेत अनुभवला आहे. आधार जोडणीच्या त्या गर्दीत आम्ही उमेद या सरकारी ग्रामीण अभियानातल्या बचत गटांच्या सीआरपी ताईंना, म्हणजे गावपातळीवर गटांना मदत करणाऱ्या बायकांना, विनंती केली. त्यांनी रांगेतच बायकांचे कागद पाहिले, कुणाचे पैसे आमच्या शाखेत येणारच नाहीत ते समजावलं आणि तिथूनच योग्य बँकेत पाठवलं. काउंटरपर्यंत पोचणारी बाई निम्मी शांत झालेली असायची, कारण तिच्याशी तिच्या गावचं माणूस आधी बोललं होतं.

त्यानंतर दोन गोष्टी कायम केल्या. गर्दीच्या काउंटरवर कुणालाही सलग पूर्ण दिवस बसवायचं नाही, दुपारी अदलाबदल. आणि ग्राहक शिव्यांवर आला तर क्लार्कने एकच वाक्य म्हणायचं, 'साहेबांशी बोला', आणि माणूस माझ्या केबिनमध्ये पाठवायचा. त्या वाक्यासाठी तिला कुणी जाब विचारणार नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं आहे. वसुलीचे फोनही आता काउंटरवरच्या व्यक्तीकडे नाहीत. अदलाबदलीमुळे कामाचा वेग थोडा घटतो, वरून प्रश्नही आला. चुका दुरुस्त करण्यात जाणारा वेळ दाखवला, तेव्हा तो प्रश्न मिटला.

अवांतर: रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनेप्रमाणे संवेदनशील पदांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून सलग किमान दहा कामाच्या दिवसांची सक्तीची रजा द्यायची असते, तीही आधी न कळवता. हेतू गैरव्यवहार उघडकीस यावेत हा आहे. सलग रजेवर माणूस गेला तरी बँक चालते, हे यातून सिद्ध होतंच. मग तीच सोय विश्रांतीसाठी, सगळ्या काउंटरवाल्यांना का नको? पाच दिवसांच्या आठवड्यावर मार्च २०२४ मध्ये बँकांची संघटना आणि युनियन यांची सहमती झाली ती सरकारच्या मंजुरीच्या अटीवर. युनियनच्या मागण्यांत मला या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बघायच्या आहेत.

धानोरकर_पोरगी

सर, 'साहेबांशी बोला' हे वाक्य आमच्या साहेबांना दाखवणार आहे. व्हीसीबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. ती बंद करता येणार नाही हे समजतं, पण विभागीय पातळीवर कुणी ओळखीचं वाचत असेल तर निदान आकडे सगळ्यांसमोर न विचारता शाखेला स्वतंत्र विचारा, एवढंच लिहून ठेवते.

अंतरीचा_सूर

उंबरठा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ प्रमाणे विमा कंपनीला मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विम्याची सोय ठेवावी लागते. मात्र अनेक पॉलिसी फक्त रुग्णालयात दाखल झाल्याचा खर्च देतात, बाहेरून घेतलेल्या समुपदेशनाचा किंवा तपासणीचा देत नाहीत. पॉलिसीत 'बाह्यरुग्ण' हा शब्द शोधा आणि नसेल तर एचआरला पत्र पाठवून विचारा. वैयक्तिक आजाराचा उल्लेख करायची गरज नाही, सर्वसाधारण चौकशी म्हणून विचारता येतं. तोच कायदा उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्कही देतो, आणि आमच्याकडे येणारा माणूस काय बोलला हे आम्ही त्याच्या बँकेला कळवत नसतो. हे त्यांना सांगा, बढतीची भीती बऱ्याचदा तिथे कमी होते. ते यायला तयार नसतील तर आधी तुम्ही एकट्या या. घरच्या माणसाने येऊन बोलणं हीसुद्धा रीतसर सुरुवातच असते, आणि १४४१६ वर तुम्हीही फोन करू शकता.